हॉर्नबीला एक घंटी

विमलकाकू आपल्या थोरल्या जावेशी अकरा वर्षं बोललेल्या नव्हत्या. आणि त्याच अकरा वर्षांत रोज सकाळी सातला त्यांनी तिला फोन केला होता. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. ज्याला ती एकत्र बसत नाहीत असं वाटतं, त्याने मराठी बायकांचा अबोला जवळून पाहिलेला नाही.

काकू आमच्याच रस्त्यावर राहतात, न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटला, स्टेशनपासून आठ मिनिटांवर. वय एकाहत्तर, उंची जेमतेम पाच फूट. एका वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत बावीस वर्षं काम केल्यामुळे त्यांच्या हातची चादरीची घडी अजूनही पुस्तकासारखी सरळ पडते. मधुकरकाका जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा पर्थला असतो आणि दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ‘आई, बरी आहेस ना’ असं विचारून टाकतो. बाकी काकू, त्यांचं दोन खोल्यांचं युनिट, दारातलं लिंबाचं झाड आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा पांढरा लँडलाइन फोन. मुलाने दिलेला मोबाईल त्या भाजी आणायला जाताना पर्समध्ये ठेवतात, तोही बंद करून, बॅटरी वाचावी म्हणून.

अबोल्याचं कारण ऐकाल तर हसाल, पण त्यांच्यासमोर हसू नका. मधुकरकाका आणि शशिकांतकाका हे सख्खे भाऊ एकामागोमाग न्यूझीलंडला आले. दोघांचे संसार अप्पर हटला हाकेच्या अंतरावर होते. सासूबाईंनी दिलेले गौरींचे दोन पितळी मुखवटे विमलकाकूंकडे असायचे, कारण त्यांचा हॉल मोठा. पुढे भूकंपानंतर ख्राइस्टचर्च नव्याने बांधायचं काम निघालं, शशिकांतकाकांना तिकडे नोकरी मिळाली आणि थोरली जाऊ, म्हणजे सुरेखाकाकू, तिथल्या हॉर्नबी या उपनगरात राहायला निघाल्या. निघताना त्यांनी जाहीर केलं, की गौरी थोरलीकडे जाणार.  सामान भरून झालं त्या दुपारी विमलकाकूंनी पेटीतून धाकटी गौर काढली आणि ब्लँकेटांच्या कपाटात ठेवून दिली. हॉर्नबीला पेटी उघडली तर आत मुखवटा एकच. फोनवर सुरेखाकाकू एकच शब्द म्हणाल्या, “चोरटी.” विमलकाकूंनी फोन ठेवला. तेव्हापासून दर भाद्रपदात एक गौर अप्पर हटला बसते आणि दुसरी हॉर्नबीला. एकेकटी गौर बसलेली मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

दोघा भावांनी समजावून पाहिलं आणि शेवटी हात टेकले. मग मधुकरकाकांनी तोड काढली. “बोलू नका,” ते म्हणाले, “पण जिवंत आहात एवढं तरी रोज एकमेकींना कळवा.” त्यातून नियम ठरले. सकाळी सातला धाकटीने थोरलीला एक घंटी द्यायची आणि फोन ठेवायचा. आधी धाकटीने, कारण नमस्कारही धाकटीच आधी करते. थोरलीने उलट दोन घंट्या द्यायच्या. उचलायचा कुणीच नाही. साडेसातपर्यंत उलट घंटी आली नाही, तर हॉर्नबीच्या शेजारीणबाईंना, त्यांचं नावच ‘हिने’, फोन करून बघायला पाठवायचं. आणि घंटी थांबतच नसेल, वाजतच राहिली, तर मात्र उचलायचा, कारण घरातलं कुणीतरी गेलं आहे. लांब घंटी आजवर दोनदाच वाजली, दोघा भावांसाठी. त्या दोन्ही वेळी पलीकडून दुसरंच कुणी बोललं, म्हणून अबोला तसाच राहिला. मधुकरकाका गेले तेव्हा सुरेखाकाकू तेरा दिवस इथे येऊन राहिल्या, दोघींनी एका ओट्यावर स्वयंपाक केला, पण एकमेकींशी अक्षर बोलल्या नाहीत. मीठ हवं असलं तर ‘मीठ कुठे असतं कोण जाणे’ असं भिंतीला सांगायचं.

काकू जावेचं नावही घेत नसत. तिला त्या ‘हॉर्नबी’ म्हणत. “आज हॉर्नबीने उशीर केला, सात वाजून चार मिनिटांनी वाजलं.” वाजलं, की भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेवर लाल पेनाने बरोबरची खूण. ही दिनदर्शिका त्यांचा भाचा चिंचवडहून दरवर्षी पाठवतो. तिच्यावर मला अकरा वर्षांत एकही तारीख खुणेशिवाय दिसली नव्हती, थोरली समोरच होती त्या तेरा दिवसांतही नाही.

आता माझ्याबद्दल, कारण या गोष्टीत माती खाल्ली ती मी. मी मकरंद, पुण्याचा, आयटीवाला. वेलिंग्टनच्या एका फोन कंपनीत काम करतो. तिचं नाव सांगत नाही, अजून तिचाच पगार खातो. आमची टीम फसवणुकीचे फोन अडवते. बायको ईशा म्हणते की मला स्वतःच्या कामाचं फार कौतुक आहे. ते तेव्हा होतं.

गेल्या वर्षी कंपनीचं काकूंना पत्र आलं. तुमच्या भागातली तांब्याची जुनी लाइन बंद होणार, फोन आता फायबरवर चालेल. काकू ते पत्र घेऊन माझ्याकडे आल्या.

“मला नकोय हे. माझी लाइन चांगली आहे.”

“काकू, नकोय म्हणून चालणार नाही, ती काढतायत. नंबर तोच राहील, फोनचं यंत्र तेच राहील. भिंतीत एक डबा लागेल, बस. तुम्हाला काहीच फरक पडणार नाही.”

“काहीच?”

“काहीच. उलट फ्रॉडवाले फोन कमी येतील. ती सिस्टीम आमच्याच टीमची आहे.”

त्यांनी माझ्या शब्दावर सही केली. बुधवारी माणूस आला, डबा लावून गेला. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार घंट्या नेहमीसारख्या गेल्या, आल्या, खुणा झाल्या. मी तेवढ्यात दोनदा म्हणून घेतलं, “बघा, बोललो नव्हतो?”

सोमवारी हॉर्नबी वाजलं नाही.

काकूंनी साडेसातपर्यंत वाट पाहिली आणि हिनेला फोन लावला. हिने या तिकडच्या माओरी शेजारीण, शाळेच्या बसच्या ड्रायव्हर. त्यांनी कुंपणावरून डोकावून सांगितलं, की सुरेखा मजेत आहे, बागेतली कोबीची रोपं बघतेय, पण चिडलेली आहे. म्हणते, आज घंटीच आली नाही.

“मी वाजवली,” काकू म्हणाल्या. “सातला. एकच.”

मंगळवारीही तेच झालं, बुधवारीही. काकूंनी कंपनीला फोन केला. तिथल्या मुलाने लाइन तपासली, काकूंच्या फोनवर घंटी वाजवून दाखवली आणि सगळं ‘स्वीट अ‍ॅज’, म्हणजे एकदम ठीक, असल्याचं सांगितलं. काकूंनी पर्थला फोन केला, लागला. डॉक्टरांकडे केला, लागला. हिनेला केला, लागला. सगळीकडे लागायचा, फक्त हॉर्नबीला पोचायचा नाही. आणि हॉर्नबीच्या फोनवरही इतर सगळ्यांचे फोन येत होते. म्हणजे दोन्ही फोन चांगले, मग वाईट कोण? सुरेखाकाकूंनी त्याचं उत्तर स्वतःशी ठरवून टाकलं होतं. त्यांनी हिनेकडून निरोप धाडला, “तिला सांग, बंद केलंस ते बरं केलंस.”

मीही माझ्या मोबाईलवरून सुरेखाकाकूंना दोनदा फोन केला. त्यांनी उचलला नाही. अनोळखी नंबर उचलू नका, हे आमची कंपनीच लोकांना सांगत असते.

गुरुवारी संध्याकाळी मी कामावरून परतत असताना काकूंनी मला त्यांच्या दारापाशीच गाठलं. “आत ये,” म्हणाल्या, “आणि तुझा मोबाईल टेबलावर ठेव.” आवाज असा होता की मी बूट काढायलाही विसरलो.

“काकू, आधी एक सुचवू का? एकच्या ऐवजी चार-पाच वेळा वाजू द्या. पोचेलच.”

“चार-पाच वेळा वाजवलं म्हणजे लांब झालं. तिला वाटेल मी गेले. तिला बीपी आहे, मकरंद.” मग ओठ मुडपून म्हणाल्या, “आणि नाही वाटलं, तर वाटेल मी तिला ‘उचल’ म्हणतेय. ते मी म्हणणार नाही.”

त्यांनी भिंतीवरच्या फोनवरून माझा नंबर फिरवला आणि रिसीव्हर आमच्या दोघांच्या मध्ये धरला. “ऐक. इकडे वाजतंय?”

रिसीव्हरमध्ये घंटी ऐकू येत होती. एक झाली. टेबलावरचा माझा मोबाईल गप्प. दुसरी झाली. मोबाईल गप्प. तिसऱ्या घंटीला मोबाईल थरथरला आणि वाजू लागला. काकूंनी फोन ठेवला.

“पुन्हा,” त्या म्हणाल्या. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदाही तसंच. “दोन दिवस मी हे करतेय. डॉक्टरांच्या रिसेप्शनवालीला विचारलं, तुझ्याकडे किती वाजलं? ती म्हणाली एक. माझ्याकडे तीन वाजले होते. पहिल्या दोन घंट्या मधे कुणीतरी खातंय. जो थांबतो त्याचा फोन लागतो. मी थांबत नाही. लाइन तपासायला येतात ते सगळे थांबतात, म्हणून त्यांना सगळं ठीक दिसतं. आता तू सांग, कोण खातंय?”

मला उत्तर माहीत होतं. ते उत्तर त्यांच्या टेबलापाशी, बूट घालून उभं होतं.

जगभर एक फसवणूक चालते. परक्या नंबरावरून एक घंटी देतात आणि कापतात. माणूस उत्सुकतेने उलट फोन करतो आणि फसतो. त्यावर मी उपाय काढला होता. जो नंबर सलग काही दिवस एक घंटी देऊन कापतो, तो संशयित यादीत टाकायचा. मग त्याच्या प्रत्येक फोनचे पहिले सहा सेकंद पलीकडे घंटी वाजूच द्यायची नाही. फोन करणाऱ्याला मात्र वाजतेय असं ऐकू येतं. फसवणारा तेवढ्यात कापतो. ‘खरा माणूस थांबतो,’ असं मी मीटिंगमध्ये म्हणालो होतो, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आता नव्याने फायबरवर आलेला एक नंबर माझ्या यंत्राला दिसला होता. रोज, बरोबर सातला, एक घंटी, कापला. एक दिवसही चुकत नाही. इतकं वक्तशीर कुणी माणूस असेल असं यंत्राला वाटलंच नाही.

आणि मला तरी का सुचू नये? मी स्वतः कराडला हॉस्टेलवर असताना रविवारी एसटीतून उतरलो, की आईला दोन घंट्या देऊन कापायचो. दोन म्हणजे पोचलो. ती उचलायची नाही, फक्त देवघरातला दिवा लावायची. आमच्या पिढीतल्या प्रत्येकाने मिस्ड कॉल दिलेत. प्रेमात दिलेत, रिक्षा आली म्हणून दिलेत, कुकरच्या शिट्ट्या मोज म्हणून दिलेत. आणि इथे येऊन मी गोऱ्यांच्या मीटिंगमध्ये ठासून सांगितलं, की खरा माणूस थांबतो. मला माझी लाज वाटली, हे सरळच लिहितो.

काकूंना सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या आणि म्हणाल्या, “तू केलंस?”

“मीच.”

“मग तूच काढ.”

शुक्रवारी मी माझा साहेब क्रेगपुढे गेलो. क्रेग वाईट माणूस नाही, पण त्याला आकडे आवडतात आणि आकडे माझ्याच बाजूचे होते, म्हणजे या वेळी माझ्या विरुद्ध. नियम लागू झाल्यापासून तक्रारी ‘हीप्स’, म्हणजे ढीगभर, कमी झाल्या होत्या. सवलतीची एक यादी होती, पण ती हॉस्पिटलं, शाळा आणि अलार्म कंपन्यांसाठी. “एका बाईसाठी यादी उघडली तर उद्या सगळेच येतील,” क्रेग म्हणाला. “त्यांना सांग ना, फोन उचलून बोला. बोलणं तर फुकटच आहे.”

हे मी काकूंना जसंच्या तसं सांगितलं. चूक केली. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“बोलणं फुकट आहे म्हणे! त्याला काय माहीत!” आणि मग एकदम शांत होऊन, “मकरंद, हिने काल काय म्हणाली माहितेय? हॉर्नबी सातला फोनपाशी स्टूल घेऊन बसते. सव्वासातला उठते, मागचं दार लावून घेते. आठवडाभर रोज. मी हिनेला सांगितलं, तिला समजव, कंपनीचं मशीन दोन घंट्या खातंय. तर उलट निरोप, ‘अकरा वर्षं नाही खाल्ल्या त्या.’ ती म्हणते मी थांबवलं. मी थांबवलं!” त्यांचे डोळे भरले होते, पण त्यांनी ते पुसले नाहीत, माझ्याकडे तसंच बघत राहिल्या. “तुझ्या साहेबाला भेटायचंय मला.”

“काकू, असं कुणीही उठून साहेबाला भेटायला येत नाही.”

“मी कुणीही नाही. मी गिऱ्हाईक आहे.”

शनिवार-रविवार मी टाळलं. सोमवारी त्यांनी मला विचारलंच नाही. त्यांनी परस्पर फोन करून लेखी तक्रार नोंदवली होती, तक्रारीचा नंबर घेतला होता आणि ‘पुरावा समक्ष दाखवायचा आहे’ असं सांगून मंगळवारी अकराची वेळ पदरात पाडून घेतली होती. मुलाने एकदा लावून दिलेलं स्पीकरफोनचं बटण न वापरता एकवीस मिनिटं होल्डवर उभ्या होत्या, असं नंतर कळलं. खुर्ची का घेतली नाही म्हटलं, तर म्हणाल्या, बसलं की माणूस नरमतो.

मंगळवारी आम्ही नऊची ट्रेन पकडली. काकूंनी भाजीची चाकांची पिशवी आणली होती, घट्ट भरलेली. मी धरायला गेलो तर हात झटकला. त्या खिडकीशी ताठ बसल्या. पेटोनीपासून समुद्र दिसू लागला, तोही त्यांनी पाहिला नाही. वेलिंग्टनच्या वाऱ्याने स्टेशनबाहेर त्यांचा पदर डोक्यावर नेऊन ठेवला. तो त्यांनी खोचला आणि मला म्हणाल्या, “तू आत मधे बोलायचं नाहीस. तुझी नोकरी आहे.”

“किया ओरा, विमल,” क्रेगने माओरीत नमस्कार करून हात पुढे केला.

“किया ओरा,” काकू म्हणाल्या, आणि पिशवीतून एकेक दिनदर्शिका काढून टेबलावर ठेवू लागल्या. अकरा. क्रेग त्यावरच्या देवादिकांच्या चित्रांकडे बघत राहिला. त्याला वाटलं काहीतरी भेट आणली आहे.

काकूंनी पहिली उघडली. “रेड मार्क,” त्या म्हणाल्या. “धिस मीन्स शी इज अलाइव्ह.”

पुढचं सगळं त्यांनी आपल्या लाँड्रीतल्या इंग्रजीत सांगितलं, जे तोडकं आहे पण ज्यात एक शब्द फुकट जात नाही. एक घंटी मी देते, मी आहे. दोन ती देते, तीही आहे. साडेसातपर्यंत आली नाही तर शेजारीण जाऊन बघते. ती हॉर्नबीला एकटी आहे, मी इथे एकटी आहे. पडलो, तर दुसरं कुणाला कळणार नाही. त्यांनी पानं उलटली. दोन हजार सोळाच्या मोठ्या भूकंपानंतरची सकाळ, खूण. मग एका जुलैच्या चौकोनावर बोट ठेवलं. “हा दिवस माझे मिस्टर गेले. पहाटे चारला. मी हॉस्पिटलातून घरी आले, सातला एक वाजवली. मग नऊला लांब वाजवली.” त्या चौकोनातही लाल खूण होती. मलाही ते माहीत नव्हतं.

क्रेग बराच वेळ पानं चाळत होता. मग त्याने, माणसाने विचारू नये तेच विचारलं. “पण तुम्ही तिच्याशी बोलत का नाही?”

“वुई आर नॉट ऑन टॉकिंग टर्म्स.”

क्रेगला हसू फुटलं. काकू हसल्या नाहीत, म्हणून त्याचंही हसू जागच्या जागी विरलं. काकूंनी यंदाची दिनदर्शिका त्याच्यासमोर सरकवली. त्यात नऊ चौकोन कोरे होते.

“आज नववा,” त्या म्हणाल्या. “यू टेक माय टू रिंग्ज. गिव्ह बॅक.”

“माझ्या सिस्टीमला तुम्ही मशीन वाटलात,” क्रेग म्हणाला. तो माझ्याकडे बघत नव्हता, हे मी त्याचे उपकार समजतो.

“मशीन बंद पडतं,” काकू म्हणाल्या. “मी नाही पडले.”

क्रेगने सवलतीच्या यादीचा फॉर्म उघडला. प्रकार कोणता? हॉस्पिटल नाही, शाळा नाही. त्याने काकूंना विचारलं, की घंटी चुकली तर मदत किती वेळात पोचते? “अर्ध्या तासात,” काकू म्हणाल्या. “हिने बस घेऊन निघाली असेल तर चाळीस मिनिटं.” क्रेग म्हणाला, अलार्म कंपन्या आपल्याला याहून फार चांगला आकडा देत नाहीत. आणि त्याने ‘अलार्म’च्या चौकोनात खूण केली. आजही आमच्या यादीत दोन-तीन बड्या अलार्म कंपन्यांच्या खाली काकूंचं नाव आहे: विमल टिपणीस, अप्पर हट.

बदल संध्याकाळी मीच केला. दोनदा तपासला, मग काकूंच्या घरी जाऊन तिसऱ्यांदा तपासला. त्यांनी एक घंटी दिली आणि टेबलावर माझा मोबाईल लगेच वाजला. काकूंनी मान हलवली. म्हणाल्या, “उद्या सातला ये.” मी म्हटलं, आता माझी काय गरज? म्हणाल्या, “ये.”

बुधवारी पावणेसातला मी पोचलो. बाहेर गवतावर दव होतं आणि टेकडीवर ढग बसलेले. काकूंनी अंघोळ करून इस्त्रीची साडी नेसली होती. चहा केला होता, पण स्वतः घेतला नव्हता. लाल पेनाचं टोपण काढून दिनदर्शिकेच्या खिळ्याला अडकवून ठेवलं होतं.

सात वाजले. त्यांनी नंबर फिरवला. एक घंटी. फोन ठेवला.

आम्ही दोघं भिंतीकडे बघत उभे राहिलो. सात वाजून एक मिनिट झालं. दोन झाली. मी मनातल्या मनात माझाच कोड पुन्हा वाचू लागलो. सात वाजून तीन मिनिटं. “पोचली असेल ना?” काकूंनी विचारलं. इतक्या दिवसांत त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. मी म्हटलं, पोचली, काकू, शंभर टक्के पोचली. कदाचित सुरेखाकाकू आता स्टुलावर बसत नसतील, हे मनात आलं, पण बोललो नाही.

फोन वाजला.

एक. काकूंचा हात पेनाकडे गेला. दोन. त्यांनी पेन उचललं. तीन.

हात तिथेच थांबला. चार. पाच.  लांब घंटी. लांब घंटीचा अर्थ त्या घरात एकच होता, आणि हॉर्नबीच्या घरात आता एकच माणूस उरलं होतं. सहा. सात. “हिने असेल,” काकू म्हणाल्या, “हिनेच असेल ती, मकरंद, ती सांगायला...”  मी रिसीव्हर घ्यायला पुढे झालो, तर त्यांनी मला कोपराने मागे सारलं आणि स्वतः उचलला. कानाला लावला. काही बोलल्या नाहीत. 

पलीकडचा आवाज इतका मोठा होता की मला टेबलापाशी ऐकू आला.

“अगं, नऊ दिवस कुठे उलथली होतीस?”

काकूंनी डोळे मिटले. मग उघडले, रिसीव्हरवर तळहात दाबला आणि माझ्याकडे वळून घाईघाईने कुजबुजल्या, “ती आधी बोलली, हं! तू साक्षीदार आहेस.”

आणि हात काढून, अकरा वर्षांत पहिल्यांदा, त्या म्हणाल्या, “इथेच होते, जाऊबाई. रोज वाजवत होते.”

 दोन्हीकडे नुसतं रडणं चाललं होतं. मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. माझी ट्रेन केव्हाच गेली होती. लिंबाखाली उभा राहून मी पुण्याला आईला फोन लावला. तिकडे मध्यरात्र उलटलेली, म्हणून दोन घंट्या होताच कापला.